गाळ उपसला, पण हवेचं काय?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



विषारी गाळ काढला की प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदराचा अनुभव वेगळा आहे.

तिथल्या कपॅसिटर बनवणाऱ्या कारखान्यांनी १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत पीसीबी नावाची रसायनं नदीत नि बंदरात सोडली. १९७९ साली तिथल्या मासेमारीवर बंदी आली. १९९४-९५ मध्ये सर्वांत दूषित भागातला गाळ उपसला. तो तिथेच भट्टीत जाळायची सरकारी योजना होती. रहिवाशांनी जोरदार विरोध केला, आणि ती सोडून द्यावी लागली.

पण पीसीबी हवेत जायला भट्टीच लागते असं नाही. गाळ पाण्याखाली असतो तोवर ती हळूहळू सुटतात. ओला गाळ उघड्यावर आला की झपाट्याने हवेत मिसळतात. तो वाळला की वेग मंदावतो, पावसाने भिजला की पुन्हा वाढतो. म्हणून गाळावर पाणी राखणं, तो झाकणं, हवा मोजत राहणं हा उपसण्याच्या कामाचाच भाग आहे.

१९९३ ते १९९८ दरम्यान त्या परिसरात जन्मलेल्या ७२० बाळांचा अभ्यास झाला. घर बंदरापासून किती दूर, याचा नाळेच्या रक्तातल्या पीसीबीशी संबंध दिसला नाही. आईचं वय, जन्मस्थान, आहार यांचा दिसला. हे आपण लपवायचं नाही. खोट्या भीतीवर चळवळ उभी राहत नाही. पण आईच्या शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं बाळापर्यंत पोचतं, हे त्यातून स्पष्ट झालं. अशा वेळी ‘बाई, तू काय खातेस ते बघ’ असा सल्ला देणं सोपं असतं. ताटातलं एक वेळ बदलता येईल, श्वास कसा बदलणार? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, आसपासच्या हवेतल्या वाढलेल्या पीसीबीचं मूळ हे बंदरच असल्याचं दिसलं.

आपल्याकडे पावसाळ्याआधी नाल्याचा गाळ काढून वस्तीच्या कडेलाच टाकतात. त्यात काय आहे, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून वॉर्ड ऑफिसात जाऊन तीन प्रश्न विचारू या: गाळ तपासला का? तो किती दिवस उघडा पडणार? आणि हवा कोण मोजणार? उत्तरं लेखी मागू या.