परत धाडलेला जावई

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गोराई येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हांस ‘आपल्या तरुणांचे परदेशगमन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. चार गोड शब्द बोलून आम्ही मोकळे झालो असतो. श्रोत्यांनाही भोजनाची घाई असतेच. परंतु परदेशी गेलेल्यांची छायाचित्रे आपल्या स्मरणिकेत दरवर्षी छापली जातात आणि तेथून परत धाडलेल्यांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. आज त्यांपैकी एकाविषयी बोलतो. त्याची व त्याच्या आईची अनुज्ञा घेतली आहे. नाव सांगणार नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांनीही ते ओठांवर आणू नये.

हा आमचा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण हाताचा चपळ. प्रवासी जहाजावर वाढप्याची नोकरी मिळाली आणि २०१४ साली मायामी बंदरात उतरला तो पुन्हा जहाजावर चढलाच नाही. हे चुकले, यात संशय नाही. तो स्वतःही तसेच म्हणतो. पुढे न्यूयॉर्कात एका खाणावळीत राबला, आणि २०१८ साली तेथील एका नागरिक स्त्रीशी रीतसर नोंदणी करून त्याने विवाह केला. तिचे पूर्वज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी हिंदुस्थानातून गयानाला गेलेले. वर्षभराने मुलगी झाली. गावात सर्वांचा समज असा की, बायको तिकडची, म्हणजे हाही तिकडचाच झाला. आमचाही समज याहून निराळा नव्हता. २०२३ साली त्यास हद्दपार करून परत धाडले, आणि एके संध्याकाळी खाडीच्या बोटीतून एक पिशवी घेऊन तो धक्क्यावर उतरला.

विवाह होऊनही असे का व्हावे, हे समजून घेण्यास आम्हांस कित्येक महिने लागले. विवाहामुळे मिळतो तो केवळ अर्ज करण्याचा मार्ग. पत्नीने सरकारकडे ‘आय-१३०’ या क्रमांकाचा अर्ज करावयाचा व नाते खरे असल्याचे सिद्ध करावयाचे. तथापि जो जहाजाचा कर्मचारी म्हणून त्या देशात शिरला, त्यास सामान्यतः देशात राहूनच कायम वास्तव्याचा हक्क मागता येत नाही. बाहेर येऊन वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो. बाहेर पडावे, तर दुसरी अडचण दारातच उभी. एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहून जो बाहेर पडतो, त्यास दहा वर्षे प्रवेशबंदी. न्यायाधीशाच्या हुकुमाने हद्दपार झालेल्यासही बहुधा दहा वर्षे. दुसऱ्यांदा झाल्यास वीस. आमच्या विद्यार्थ्यावर या दोन्ही बंद्या एकदमच आल्या.

त्यांतून सुटण्यासाठी दोन निराळे अर्ज आहेत. ‘आय-२१२’ हा हद्दपारीनंतर पुन्हा येण्याच्या परवानगीचा, आणि ‘आय-६०१’ हा बेकायदा वास्तव्याबद्दलच्या माफीचा. या दुसऱ्यात पती अथवा पत्नी, किंवा आईबाप, जे तेथील नागरिक वा कायम रहिवासी असतील, त्यांस असामान्य हाल सोसावे लागतील हे दाखवावे लागते. अर्जदाराचे स्वतःचे हाल मोजले जात नाहीत. पोटच्या लेकराचे हालही या कामी स्वतंत्रपणे धरले जात नाहीत; बाळ रडते म्हणून आईचे जे होते, तेवढेच धरतात. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले.

परक्यांच्या कायद्यास नावे ठेवण्यापूर्वी आपलाही पाहावा. १९५५च्या नागरिकत्व कायद्यान्वये भारतीयाशी विवाह केलेल्या परकीयास नोंदणीने नागरिकत्व मागण्यापूर्वी सात वर्षे येथे वास्तव्य करावे लागते, आणि अवैध रीतीने आलेल्यास ती वाट बंदच आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. वकिलातीच्या अर्जात पूर्वीच्या हद्दपारीविषयी प्रश्न होता. आम्ही त्यास सल्ला दिला, “बाबा रे, तेथे ‘नाही’ लिही. एवढ्या मोठ्या देशाच्या दप्तरात कोण शोधत बसतो?” चाळीस वर्षे मुलांस ‘खरे बोलावे’ असे फळ्यावर लिहून देणाऱ्याचा हा सल्ला! रात्री त्याच्या पत्नीने फोनवरून आम्हांस समजावले. बोटांचे ठसे त्यांच्याजवळ आहेत. खोटे लिहिले की त्याची बंदी दहा वर्षांची नव्हे, जन्माची होते. “सर, आपण खरेच लिहू,” एवढे ती बोलली. ‘सर’ हा शब्द तिने आपल्या नवऱ्याकडून उचलला होता. आम्ही पुष्कळ वेळ काही बोललो नाही.

दुसरी चूक ज्ञातीची. त्याच्या आईस काही वडीलधाऱ्यांनी सुचविले की, तो विवाह आपल्या विधीने झालेला नाही, तेव्हा तो धरू नये. येथलीच एखादी मुलगी पाहावी. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती सर्ल यांनी, ज्या धर्मांत बहुपत्नीत्वास मुभा आहे त्यांच्या विधीने झालेले विवाह तेथील कायदा मानीत नाही, असा निर्णय दिला. आपल्या बायका एका क्षणात परक्या ठरल्या. त्याच वर्षी कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि १९१४ साली तेथील सरकारला कायदा बदलावा लागला. ज्या अपमानासाठी आपल्या स्त्रियांनी तुरुंग पत्करला, तोच अपमान आपण गोराईत बसून एका परक्या सुनेचा करावा काय? शिवाय पहिली पत्नी असता दुसरी करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, हे त्या वडीलधाऱ्यांस आम्ही तेव्हाच ऐकवले.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांस घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. बेड्या घातलेल्या माणसांची चित्रे घरोघर पाहिली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या विद्यार्थ्याकडे लोक चोराकडे पाहावे तसे पाहू लागले. बाजारात त्याची आई मान खाली घालून मासळी घेऊ लागली.

वांद्र्याच्या वकिलातीत त्याची मुलाखत झाली, अपेक्षेप्रमाणे नकार मिळाला, आणि दोन्ही अर्ज मागोमाग गेले. त्यास आता चौदा महिने झाले. माफी न मिळाली तर २०३३ सालापर्यंत थांबणे आले. सध्या तो बोरिवलीत एका उपाहारगृहात काम करतो. सकाळी सातच्या सुमारास धक्क्यावर बोटीची वाट पाहत असता तिकडे रात्र असते. मुलगी झोपण्यापूर्वी बापास मराठी मुळाक्षरे म्हणून दाखवते. कधी फोन आमच्या हाती देतो. गेल्या रविवारी ती ‘ळ’पर्यंत पोहोचली. तो तिला अजून नीटसा म्हणता येत नाही.