बंदुकीवर दुर्बीण बसवायची तर कोणती?
(सातारा-सांगली जिल्ह्यांतील मेळाव्यात केलेले भाषण)



शाळू निसवला की खटाव-माणपासून जतपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : डुकरांचे काय करायचे? अलीकडे त्याच्यामागे दुसराही प्रश्न येऊ लागला आहे. गावात एखाद्या माजी सैनिकाकडे परवान्याची रायफल असते. चार शेतकरी एकत्र बसतात, वर्गणी काढून रायफलीवर भारीतली दुर्बीण बसवायचे ठरते आणि मग आम्हाला विचारले जाते की, साहेब, कोणती घ्यावी? आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. बियाण्याचा वाण विचारला तर चटकन सांगू. पण वर्गणी ज्वारीच्या आणि कापसाच्या पैशातूनच जाणार असेल तर दुर्बिणीचा खर्च हासुद्धा उत्पादनखर्चच झाला. त्याचा हिशेब बियाण्याइतकाच कसून करायला पाहिजे.

आधी कायद्याचे दोन शब्द, कारण त्यावाचून पुढचे सगळे वाया आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. त्या कागदाशिवाय चाप ओढला तर डुकराऐवजी शेतकरीच पिंजऱ्यात जातो. ही दुरुस्त यादी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. गवा आणि काळवीट पहिल्या. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला पीक खाल्ले म्हणून मारण्याची परवानगी कायद्यात नाही. पाटण आणि शिराळ्याच्या भावांनी ही गोष्ट गाठीला बांधावी. कोयना-चांदोलीतून उतरलेल्या गव्यासाठी बंदुकीचा विचारच करू नका. पंचनामा करा आणि भरपाई मागा.

दुसरे, शस्त्र अधिनियम १९५९. पीकरक्षणासाठी म्हणून त्याचे तेरावे कलम ठासणीची बंदूक सांगते. ठासणीने भागत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची, म्हणजे आपली बाराबोरी. रायफल या यादीत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडे वेगळ्या कारणाच्या परवान्यावर आहे. आणि निवडणूक लागली की बहुतेक ठिकाणी सगळ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बंदूक कोणती, हे आधी

बाराबोरीवर दुर्बीण बसवू नका. तिचा मारा तीस-चाळीस पावलांचा. तेवढ्यासाठी नळीच्या टोकावरची माशी पुरते. माशीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला तर अंधुक उजेडात ती जास्त नीट दिसते, आणि खर्च काहीच नाही.

रायफल म्हणजे आपल्याकडे बहुधा तीनशे पंधरा. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली ही बंदूक सैन्यातल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीची धाकटी बहीण म्हणावी अशी. अपशिंग्यासारख्या फौजी गावातल्या जुन्या माणसांना हातात घेताक्षणी तिची ओळख पटते. तिच्या गोळीत डुकरासाठी हवी त्याहून जास्तच ताकद आहे. काही ठिकाणी मात्र आम्हाला याहून मोठ्या बोराविषयी विचारले गेले. संस्थानी काळात वाड्यावाड्यांत मोठ्या बोराच्या रायफली असत. त्यांतली प्रसिद्ध म्हणजे हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम. ती १९१२ साली निघाली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती आणि रानरेड्यासाठी आजही हाच कमीत कमी बोर मानतात. आपल्या शाळवात हत्ती येत नाही, आणि गव्यावर बंदूक चालत नाही. मग मोठा बोर कशाला? त्याचा खांद्याला बसणारा धक्का तीनशे पंधराच्या दुपटीहून जास्त असतो. तरीही मोठ्या बोराच्या दुर्बिणीचे नियम समजून घेऊ या. धक्का सोसणारी दुर्बीण कशी असते ते त्यांतून कळते, आणि तीनशे पंधरालाही ते लागू पडतात.

भुवईचा नियम

दुर्बीण बसवलेली बंदूक उडाली की मागे येते. दुर्बिणीचा मागचा काठ डोळ्याच्या फार जवळ असेल तर तो भुवईवर आदळतो आणि अर्धचंद्राकृती जखम होते. म्हणून पहिला प्रश्न पट किती, हा नाही. पूर्ण चित्र दिसत असताना डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो, हा पहिला प्रश्न. मोठ्या बोराला साडेतीन ते चार इंच पाहिजेत. दुकानात भाव विचारण्याआधी हे अंतर विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर दुसरे दुकान गाठा.

ते अंतर तपासायची रीत सोपी आहे. रिकामी बंदूक, रिकामी आहे हे दोघांनी पाहून घेतलेली, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. मान न हलवता पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडेला काळी सावली आली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवायला हवी. आणखी एक गोष्ट. जागलीला माणूस घोंगडी पांघरून बसतो. जाड कपड्याने दस्ता पुढे सरकतो आणि अंतर बदलते. म्हणून ही तपासणी मंडईला जायच्या सदऱ्यावर करू नका, घोंगडी घेऊन करा. वरच्या अंगाला, चढावर नेम धरताना दुर्बीण डोळ्याच्या आणखी जवळ येते. डोंगरउताराच्या शेतकऱ्यांनी तेही पाहून ठेवावे.

एअरगनसाठी विकली जाणारी स्वस्त दुर्बीण रायफलीवर चढवू नये. चार काडतुसांत तिच्या आतली रेषा सरकते. मग नेम एकीकडे आणि गोळी दुसरीकडे. सरकली आहे हे बाहेरून दिसतही नाही, हे त्यातले वाईट.

पट जास्त म्हणजे चांगली, हा गैरसमज

पिकाच्या वाणाचे जसे, तसेच दुर्बिणीचे. पाकिटावरचा आकडा मोठा म्हणून रानात उपयोग जास्त, असे होत नाही. आपल्या रानात डुकरावर गोळी झाडायची वेळ येते ती बहुधा तीस मीटरच्या आसपास. तीस मीटरवर नऊ पटीच्या दुर्बिणीतून जेमतेम चार फूट रुंदीचे रान दिसते. पूर्ण वाढलेले डुक्कर त्यात मावत नाही. नुसते केस दिसतात. पाठ कुठली आणि पोट कुठले, हे शोधेपर्यंत ते बांधापलीकडे जाते. चार पटीला नऊ फूट दिसते. दीड पटीला वीस फुटांच्या वर. म्हणून मोठ्या बोराच्या रायफलीवर जाणती माणसे एक ते चार किंवा दीड ते पाच पटीचीच दुर्बीण घेतात आणि ती सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवतात. लांबचे पाहायचे असेल तेव्हा वाढवायची, काम झाले की परत खाली.

आता उजेड. कोणतीही दुर्बीण उजेड तयार करीत नाही. आलेला उजेड डोळ्यापर्यंत पोचवते एवढेच. किती पोचवते याचे गणित पाटीवर मांडता येते. पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला पटीने भागा. चाळीसची काच आणि नऊ पट, म्हणजे साडेचार मिलिमीटरही नाही. तीच काच सहा पटीला साडेसहाच्या वर जाते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीच्या पुढे पाचच्या आसपास. भागाकार बाहुलीपेक्षा लहान आला तर चित्र काळवंडते. मोठा आला तर जास्तीचा उजेड वाया जातो. याचा अर्थ असा की दिवेलागणीला किंवा झुंजूमुंजू होताना पट कमी केली की त्याच दुर्बिणीतून जास्त स्पष्ट दिसते. आणि रायफल ज्याच्या हातात आहे तो साठीचा माजी सैनिक असेल, तर मोठ्या काचेसाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. त्याला आधी चष्म्याचा नंबर तपासून आणू द्या. हा खर्च दुर्बिणीच्या शंभराव्या हिश्शाचाही नाही आणि फायदा जास्त आहे.

नळी एक इंची की तीस मिलिमीटरची, यावर दुकानात बरीच चर्चा होते. नळी जाड असल्याने उजेड वाढत नाही. आतल्या रेषा मात्र जाड असाव्यात. केसासारख्या बारीक रेषा काळ्या डुकराच्या अंगावर हरवून जातात. खरेदी भर दुपारी करू नका. तिन्हीसांजेला दुकानाबाहेर या आणि शंभर पावलांवरच्या सावलीतली पाटी दोन्ही दुर्बिणींतून, पट सारखी ठेवून, वाचून पाहा. त्यात किमतीचा फरक खरा आहे की नाही ते कळेल.

बैठकीवर मात्र काटकसर नको. जुन्या तीनशे पंधरावर दुर्बिणीसाठी पाया बहुधा ठेवलेला नसतो. तो बसवायला लोखंडाला भोक पाडावे लागते. हे काम गावच्या लोहाराचे नाही. परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडूनच करून घ्या आणि पावती घ्या. बैठक हलली तर लाखाची दुर्बीण कवडीमोल. ती बसवल्यावर नेम जुळवणे आले, म्हणजे काडतुसे आली. काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते. तेव्हा वर्षाच्या काडतुसांतली काही नेम जुळवण्यात जाणार, हे आधीच धरून चाला.

पहिला पैसा कुठे घालायचा

आता मुख्य मुद्दा. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचे म्हणजे ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याकडे बंदूक रोखावी लागते. शाळवाची ताटे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असतात. कापसाच्या रानातही वाकलेला माणूस दिसत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे रानोरान फिरत असतात. खतासाठी मेंढरे आपणच आपल्या रानात बसवून घेतो. पलीकडच्या बागायतीत ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. त्यांची पोरे पहाटे उठून कुठे जातील याचा नेम नाही. पिकात काहीतरी सळसळले, ते काय आहे ते पाहू म्हणून रायफल उचलली, आणि तिथे परसाकडला बसलेला माणूस निघाला, तर? दुर्बीण जितकी भारी तितका हा मोह मोठा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. गावाच्या वर्गणीतून पहिली खरेदी हातातल्या दुर्बिणीची व्हावी. सात पट, पन्नासची काच. भागाकार करा, सातच्या वर येतो. रात्रीच्या राखणीला याहून सोयीचे माप नाही. तिला परवाना लागत नाही, निवडणुकीत ती जमा करावी लागत नाही, आणि ती बायाबापड्यांच्या हातीही देता येते. दुसरी खरेदी चांगल्या बॅटरीची. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली जिम कॉर्बेटने मारला तो झाडावर रात्र काढून. खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली, रायफलीवरची बॅटरी लागली आणि त्या उजेडात उघड्या माशीवरच नेम धरला. अंतर कमी असेल तेव्हा दुर्बिणीपेक्षा उजेड कामाला येतो.

हाती दुर्बीण, एक पाहणारा आणि एक बंदूक धरणारा, अशी जोडी असावी. पाहणाऱ्याने जनावर ओळखायचे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही सांगायचे. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढे जाते. मागे ताल असेल, चढ असेल तर ती मातीत जिरते. जतच्या सपाटीवर तसे काहीच मागे नसते. तिथे जमिनीवर उभे राहून झाडू नये. माळा उंच बांधा, म्हणजे गोळीचे तोंड खाली राहते आणि जमीनच तिला अडवते. माळ्याची चार लाकडे बंदुकीवरच्या कोणत्याही दुर्बिणीपेक्षा स्वस्त आहेत.

हे सगळे करून पैसे उरले, रायफलवाला तयार असला, बैठक बसवणारा कारागीर मिळाला, तर घ्या दुर्बीण : दीड ते पाच पटीची, डोळ्याचे अंतर साडेतीन इंचांच्या वर, रेषा जाड. गावाच्या वहीत तिची किंमत, नेम जुळवायला लागलेली काडतुसे आणि वाचलेली ज्वारी, तिन्ही नोंदवा. पुढच्या वर्षी वर्गणी मागताना ही वही पुढे ठेवा.

परवानगीच्या अर्जाला मात्र शाळू निसवायची वाट पाहू नका. पीक पोटरीत असताना गेल्या साली झालेल्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. ज्यांच्याकडे पंचनामे नाहीत त्यांनी आज सभा संपल्यावर आमच्याकडे नावे द्यावीत; त्यांचे अर्ज कसे लिहायचे ते बसून ठरवू.