दानशूर कलावंत आणि सार्वजनिक तिजोरी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी किती कर भरावा, या विषयाशी आपलं काय देणंघेणं, असं पत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. मला हा नागरिकत्वाचा विषय वाटतो. लोक कलावंतावर प्रेम करतात, त्याच्यासाठी खिशात हात घालतात आणि न्यायाच्या चार गोष्टीही त्याच्याच तोंडून ऐकून घेतात. असा कलावंत श्रीमंत झाला की सार्वजनिक तिजोरीत त्याने आपला वाटा कसा उचलावा, यावर आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये कडाक्याचा वाद झाला. आज तो वाद मांडतो आणि त्यातून मला काय दिसतं ते सांगतो.

गोष्ट आयर्लंडपासून सुरू होते. जेम्स जॉइस, सॅम्युएल बेकेट यांच्यासारखे लेखक ज्या देशातून बाहेर पडले आणि बाहेरच राहिले, तो हा देश. कलावंतांनी इथे राहावं, म्हणून १९६९ साली अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी एक तरतूद आणली. पुस्तक, नाटक, चित्र, शिल्प किंवा संगीतरचना यांतली जी निर्मिती स्वतंत्र आणि कलादृष्ट्या मोलाची असेल, तिच्या कमाईवर आयकर माफ. देश तेव्हा श्रीमंत नव्हता. तरीही शेतकरी, शिक्षक, गोदी कामगार कर भरत राहिले आणि कलावंताला मोकळीक मिळाली.

सात वर्षांनी, १९७६ मध्ये, डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेतल्या मुलांनी एक बँड काढला. तोच पुढे ‘यू टू’ म्हणून जगभर गाजला. १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमने त्यांना शिखरावर नेलं. त्यांच्या गीत-संगीतरचनेच्या रॉयल्टीला हीच करमाफी लागू होती. त्यात गैर काही नव्हतं. कायदा सर्वांसाठी होता आणि त्यांनी त्याचा लाभ घेतला.

पुढे आयर्लंडमध्ये सुबत्ता आली आणि लोक विचारू लागले, की गरीब कवीसाठी केलेली सोय कोट्यधीशांना का? डिसेंबर २००५ च्या अर्थसंकल्पात सरकारने मर्यादा घातली. वर्षाला अडीच लाख युरोंपर्यंतच माफी, त्यावरच्या रकमेवर कर. सामान्य लेखक-चित्रकारांना याची झळ लागणार नव्हती. पण २००६ च्या मध्यावर ‘यू टू’ने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा व्यवसाय डब्लिनमधून ॲमस्टरडॅमला हलवला.

हा व्यवहार जरा जवळून पाहू. संगीतकाराचे पैसे दोन वाटांनी येतात. एक वाट मैफलीची. ज्या देशात मैफल झाली, तो देश तिथेच त्यावर कर लावू शकतो. आंतरराष्ट्रीय करकरारांत कलावंत आणि खेळाडूंसाठी हा नियम वेगळा लिहून ठेवलेला असतो. रंगमंच, कलाकार आणि प्रेक्षक एका जागी असतात, त्यामुळे ते उत्पन्न सहसा हलवता येत नाही. दुसरी वाट रॉयल्टीची. गाणं कोणत्याही देशातल्या रेडिओवर वाजो, त्याचे पैसे हक्क ज्या कंपनीच्या नावावर असतील तिच्याकडे जातात. कंपनी कागदावर असते आणि कागद हलवता येतो. नेदरलँड्समध्ये रॉयल्टीवरच्या करात मोठी सवलत मिळत असे, आणि ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडने ती वाट कितीतरी आधी धरली होती. ज्या शहरात गाणं जन्मलं ते तिथेच राहिलं. गाण्याचं उत्पन्न मात्र परगावी गेलं.

आता यातला मर्मावर बोट ठेवणारा भाग. याच काळात या बँडचा गायक बोनो जगातल्या गरिबीविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलत होता. २००५ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सला आठ बड्या राष्ट्रांची परिषद भरली, तिच्या तोंडावर ‘लाइव्ह एट’ मैफली झाल्या. अठरा अतिगरीब देशांवरचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं ठरलं, त्यामागे अशा मोहिमांचा रेटा होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी मदतीला द्यावी, ही मागणी श्रीमंत देशांकडे आणि खुद्द आयर्लंडकडेही केली जात होती. बोनोचं हे काम खरं होतं, त्याची तळमळही खरी होती. मी ते कमी लेखणार नाही. अनेक जीव त्या कामामुळे वाचले, असं मी मानतो.

पण त्या मागणीचा अर्थ पाहा. कर्जमाफीचे आणि मदतीचे पैसे येणार कुठून? सरकारी तिजोरीतून. तिजोरी भरणार कोण? करदाते. स्वखुशीच्या देणग्यांनी एवढं मोठं काम होत नाही, म्हणूनच तर बोनो पंतप्रधानांचे आणि राष्ट्राध्यक्षांचे दरवाजे ठोठावत होता. करव्यवस्था हवी, यासाठी याहून चांगला युक्तिवाद दुसऱ्या कुठल्या कलावंताने केल्याचं मला माहीत नाही. तो युक्तिवाद मांडणाऱ्याने आपल्या उत्पन्नाचा एक भाग त्याच तिजोरीच्या आवाक्याबाहेर नेला, याचं लोकांना वाईट वाटलं.

आयर्लंडच्या बँका कोसळल्या आणि २०१० च्या अखेरीस देशाला युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. पगार कापले गेले, नवे कर आले. कलावंतांच्या करमाफीची मर्यादाही २०११ पासून ४० हजार युरोंवर उतरली. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात ‘यू टू’चा कार्यक्रम सुरू असताना काही कार्यकर्त्यांनी गर्दीत वीसेक फूट उंचीचा फुगा फुगवला. ‘तुम्हीही कर भरा’ असं सांगणारी ओळ त्यावर होती, आणि ती बँडच्या नावातल्या आकड्यावर खेळून लिहिली होती. सुरक्षारक्षकांनी झटापट करून तो फुगा खाली पाडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गाण्यांच्या बरोबरीने फुग्याचीही बातमी होती.

बँडची बाजूही तेवढ्याच नेमकेपणाने सांगितली पाहिजे. आपण जगभर आणि आयर्लंडमध्येही भरपूर कर भरतो, सगळं कायद्याला धरून आहे, आणि कमी कराची स्पर्धा हेच आयर्लंडचं स्वतःचं आर्थिक धोरण आहे, असं त्यांचं म्हणणं. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे. कंपन्यांसाठी १२.५ टक्के दर ठेवून आयर्लंडने साऱ्या जगाच्या कंपन्या आपल्याकडे खेचल्या, तर आयरिश बँडने दुसऱ्या देशाचा फायदा का घेऊ नये? मी एवढंच म्हणेन, की कायद्याने दिलेली मुभा हा न्यायालयातला बचाव असतो. लोकांपुढे न्यायाची भाषा बोलणाऱ्याला त्याच्यापुढे एक पाऊल टाकावं लागतं.

ब्रिटनमध्ये हाच पेच वेगळ्या रूपात आला. ‘टेक दॅट’ बँडचे गॅरी बार्लो आणि त्यांचे दोन सहकारी ‘आइसब्रेकर’ नावाच्या योजनांमध्ये भागीदार होते. वर पाहता ही संगीतव्यवसायातली गुंतवणूक. तिच्यात कागदोपत्री तोटा दिसायचा आणि तो तोटा भागीदारांच्या इतर उत्पन्नातून वजा व्हायचा. मे २०१४ मध्ये कर न्यायाधिकरणाने ही व्यवस्था करबचावासाठीच उभारल्याचा निर्णय दिला. बार्लो यांना २०१२ मध्ये राजसन्मान मिळाला होता, तो मनोरंजनक्षेत्रातल्या आणि धर्मादाय कामाबद्दल. सन्मान परत करावा, अशी मागणी झाली. २०१४ मध्येच त्यांनी जाहीर माफी मागितली.

श्रोतेहो, दोन्ही ठिकाणी एकच जोडी दिसते. एका हाताने दान, दुसऱ्या हाताने करातून सुटका. दोन्ही हात एकाच माणसाचे, आणि तो माणूस ढोंगी असतोच असं नाही. दान केल्याचं समाधान खरं असतं, म्हणूनच हिशोब पुरा झाला असं त्याला वाटतं. तिथे थोडं थांबून विचार करायला हवा. दान कुणाला द्यायचं हे देणारा ठरवतो. कराचा पैसा कुठे जावा हे निदान तत्त्वतः आपण सगळे मिळून ठरवतो, आणि त्यात ज्याचं नाव कुणा दात्याच्या यादीत कधीच येणार नाही, त्याचंही मत मोजलं जातं. गावाबाहेरच्या रस्त्याला, क्षयरोगाच्या दवाखान्याला, न्यायालयातल्या कारकुनाच्या पगाराला देणगीदार मिळत नाहीत. ती कामं करावरच चालतात.

इथे आपल्या घरचं उदाहरण घेतो. १९२१ साली मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला आणि त्याचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिलं. मराठी रंगभूमीला आजही त्याचा अभिमान आहे, आणि तो सार्थ आहे. तेव्हाची तिजोरी परक्यांची होती. आपल्या समाजाचं काम करायचं तर फंड काढणं हाच मार्ग होता. १९४७ नंतर तिजोरी आपली झाली. ती नीट चालत नाही, तिच्यातून गळती होते, हे मला मान्य आहे. पण गळती थांबवण्यासाठी आपल्याकडे मत आहे, माहितीचा अधिकार आहे, हिशेबतपासनीस आहे. परक्या राज्यात ही साधनं सामान्य माणसाच्या हातात नव्हती. ‘सरकार पैसे उधळतं, त्यापेक्षा आम्हीच संस्था काढतो’ असं आज कुणी म्हणाला, तर तो नकळत आपल्याच राज्याला परकं ठरवतो.

दुसरा आक्षेप कलावंतांच्या बाजूने येतो: आमचं गाणं आमच्या प्रतिभेचं, त्यात सरकारचा वाटा कसला? प्रतिभा तुमचीच. रॉयल्टी मात्र कायद्याने निर्माण केलेली मालमत्ता आहे. संसदेने कॉपीराइटचा कायदा केला नसता, तर गाणं पहिल्यांदा कानावर पडताच सर्वांचं झालं असतं. भारतात हा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. हिंदी चित्रपटांचे गीतकार-संगीतकार एकरकमी मानधनावर हक्क सोडून देत आणि गाणं पिढ्यान्‌पिढ्या वाजलं तरी हात रिकामे राहत. २०१२ ची दुरुस्ती झाली तेव्हा त्यांचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येणार नाही, असं ठरलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी मोठी बाजू मांडली. या सगळ्यामागे संसद, न्यायालयं, पोलीस उभे आहेत आणि त्यांचा खर्च करातून भागतो.

कलावंतांवर अन्यायही झाला आहे, तो झाकून ठेवू नये. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वांत वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावरचा कर ९० टक्क्यांच्या वर गेला होता. जॉर्ज हॅरिसनने १९६६ मध्ये ‘टॅक्समन’ हे गाणं लिहिलं ते त्या संतापातून. १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ देश सोडून दक्षिण फ्रान्सला गेले. संगीतकाराचं उत्पन्न पगारासारखं नसतं. दहा वर्षं उपासमार, मग तीन वर्षं भरभराट, पुढे काय ते सांगता येत नाही. त्या तीन वर्षांवर डोळे मिटून कमाल दर लावणं न्याय्य नाही. ब्रिटनने पुढे लेखक-कलावंतांना लागोपाठच्या दोन वर्षांची सरासरी काढून कर भरण्याची मुभा दिली. असा शहाणपणा कायद्यात असावा.

आपल्याकडे काय आहे? आयकर कायद्यात ‘८०-आरआर’ नावाचं कलम होतं. लेखक, नाटककार, संगीतकार, नट, खेळाडू यांनी परदेशात मिळवलेलं परकीय चलन भारतात आणलं, तर त्यावर मोठी वजावट मिळे. देशात परकीय चलनाचा दुष्काळ होता तेव्हाची ही सोय. दुष्काळ सरला, तशी ती टप्प्याटप्प्याने कमी होत २००५-०६ या करनिर्धारण वर्षापासून बंद झाली. जीएसटीमध्येही एक समंजस तरतूद आहे. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचं त्या प्रयोगाचं मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर हा कर लागत नाही. मात्र तोच कलावंत एखाद्या मालाचा जाहिरातदूत म्हणून काम करत असेल, तर त्या कामाला माफी नाही. तमाशाचा फड, भजनी मंडळ, तालुक्याच्या गावी गाणारा गवई यांना सांभाळायचं आणि बाजारात नाव विकणाऱ्याकडून वाटा घ्यायचा, हा भेद इथे नेमका केला आहे. आयर्लंडला तो करायला ३६ वर्षं लागली.

दान आणि करातून सुटका या जोडीला एक उलट उदाहरणही आहे. अमेरिकी गायक विली नेल्सन १९८५ पासून ‘फार्म एड’च्या मैफलींतून शेतकऱ्यांना मदत करत आला. १९९० मध्ये कर विभागाने थकबाकीपोटी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणली. रक्कम होती सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर. त्याने दिवाळखोरीचा आडोसा घेतला नाही. फक्त आवाज आणि गिटार घेऊन एक अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्याच्या नावातच कर विभागाचं नाव घातलं आणि विक्रीचे पैसे थकबाकीत जमा केले. लिलावात गेलेल्या त्याच्या वस्तू मित्रांनी आणि चाहत्यांनी विकत घेऊन त्याला परत दिल्या. १९९३ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. मूळ चुका होत्याच. पण कर भरल्याने त्याची लोकांतली पत कमी झाली नाही, उलट वाढली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. सरकारकडे ही, की सवलत कलेच्या नावाने देताना ती उत्पन्नाच्या पायरीशी बांधावी, आणि कागद परदेशी नेऊन कर टाळता येईल अशा वाटा इतर देशांशी करार करून बुजवाव्यात. कायदा भोंगळ ठेवायचा आणि कलावंताच्या सद्‌सद्‌विवेकावर सगळा भार टाकायचा, हे राज्यकर्त्यांना शोभत नाही. नामवंत कलावंतांकडे ही, की देणगीची बातमी देताना आपण करही पुरा भरतो हे अभिमानाने सांगा. तो लोकांना घालून दिलेला धडा ठरेल. आणि तुम्हा-आम्हा रसिकांकडे ही, की दानाच्या धनादेशाचा फोटो पाहून टाळ्या वाजवा, जरूर वाजवा, पण तितक्याच आदराने त्या माणसाला कराबद्दल विचारायची सवय लावून घ्या. तो प्रश्न आपण आधी स्वतःच्या पावतीपुस्तकाला, स्वतःच्या घरभाड्याला, स्वतःच्या दुकानाला विचारला असेल, तरच तो विचारण्याचा आपला अधिकार खणखणीत ठरेल.