खुराड्यातली पुंजी



बल्लारपूर म्हटलं की कागद, कोळसा आणि सागवान आठवतं. जरा मागचं ठाऊक असणाऱ्याला खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाचा वर्धेकाठचा किल्लाही आठवतो. आज मी बोलणार आहे ती या सगळ्यांपुढे अगदीच किरकोळ, पण पहाटे आख्ख्या मोहल्ल्याला उठवणाऱ्या मंडळींबद्दल. परसातल्या कोंबड्यांबद्दल.

१९४५ साली इथे कागदाची गिरणी निघाली. गिरणी आणि खाणींच्या कामाला झाडीपट्टीतून, तेलंगणातून, छत्तीसगडातून माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर खेड्यातलं परसही आलं. गंमत अशी, की गिरणीच्या लगद्यासाठी जंगलातून जो बांबू येई, त्याच बांबूचं बुरूड डालगं विणत. एकाच रानातल्या बांबूची कुठे वही झाली, कुठे कोंबडीचं घर.

ही कोंबडी माणसाकडे आली कशी? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. संशोधकांचं म्हणणं असं, की माणूस भात आणि भरडधान्य पिकवू लागला आणि सांडलेल्या दाण्यांमागे लाल रानकोंबडा वस्तीत शिरला. धानाच्या मुलखात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. खळ्यावर धान झोडपलं की काय काय गोळा होतं, ते आपण पाहतोच. आणखी एक. आपल्या कोंबडीचे पिवळे पाय त्या लाल पूर्वजाचे नाहीत. पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि हा राखी रानकोंबडा फक्त भारतात राहतो. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या थोड्या आपल्याही आहेत.

आता हिशेबाकडे येऊ. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर, त्यापुढे दोन-तीन महिने पिलांमागे. वर्षाची अंडी साठच्या आसपास. पोल्ट्रीतली लेअर कोंबडी तीनशे देते. कागदावर हा धंदा बुडीतच दिसतो, आणि म्हणूनच बाहेरून आलेला शहाणा माणूस लगेच जात बदलायचा सल्ला देतो. मला वाटतं, तो चुकीच्या वहीत बघतो. आपल्याकडे परसातली कोंबडी हा धंदा नाहीच, ती घरच्या बाईची पुंजी आहे. कनकी, शिळा भात, उकिरड्यावरचे किडे, एवढ्यावर ती वाढते. पोराची फी, औषधपाणी, अचानक आलेला पाहुणा, असं काही उभं राहिलं की एक कोंबडा बाजारात जातो. तिथे वजनकाट्यापेक्षा हाताचा अंदाज चालतो. गिऱ्हाईक पाय धरून उचलतं, छातीवरचं पीस फुंकून मांस बघतं आणि नगावर भाव ठरतो. आलेले पैसे बाईच्या कनवटीला. त्याचा हिशेब घरधनी सहसा मागत नाही.

या पुंजीला व्याजही आहे. जिच्याकडे काहीच नाही, तिला शेजारीण एक तलंग बटईने देते. पिलं निघाली की अर्धी हिची, अर्धी तिची. कागद नाही, सही नाही.

सगळ्यात अवघड जातो तो आपला उन्हाळा. अंडं उबायला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा पंचेचाळीस-शेहेचाळीसवर. फळलेल्या अंड्यातला जीव पंचविशीच्या पुढे थोडा थोडा हलू लागतो, कोंबडी बसलेली असो वा नसो. ही अर्धवट वाढ मग आतच मरते. टोपलीतली अंडी उन्हाळ्यात लवकर नासतात, त्याचं मोठं कारण हे. म्हणून जाणत्या बाया ऐन उन्हाळ्यात कोंबडी अंड्यांवर बसवत नाहीत, आणि अंडी ओल्या रेतीवर ठेवलेल्या मडक्यात जपतात.

उन्हातून वाचलेल्या पिलांना वर घार, खाली मुंगूस, रात्री रानमांजर. जंगल इतकं जवळ, की खुराड्याच्या वासाने बिबट दारात येतो. खुराडं घराच्या भिंतीला लागून बांधावं, दार पक्कं लावावं, आणि अंधारात कोंबड्या ओरडल्या तरी एकट्याने बाहेर पडू नये. कोंबडी पुन्हा मिळते.

कोंबड्यांचा विषय निघाला आणि कोंबडबाजार राहिला, असं होणार नाही. पायाला धारदार कात बांधून झुंज लावायची आणि त्यावर पैसा लावायचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आणि १८८७ चा जुगारबंदी कायदा असूनही पोलिसांच्या धाडींच्या बातम्या येतच राहतात. परंपरा म्हणून त्याची बाजू घेणारे भेटतात. मला तरी त्यात एवढंच दिसतं, की बाईने वर्षभर वाढवलेला कोंबडा बाप्या एका दुपारी हरून येतो.

पण पुंजी खरी लुटते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. आठवड्याभरात मोहल्लाच्या मोहल्ला रिकामा होतो. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण लसीच्या किमतीची नाही, बाटलीची आहे. ती बहुधा शंभर पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांची मालकीण ती एकटीने का आणेल? तेव्हा आठ-दहा घरांनी मिळून दिवस ठरवावा, जनावरांच्या दवाखान्यात आधी सांगून ठेवावं, आणि एकीने थर्मास घेऊन जावं. वेळ मात्र पहाटेची धरा, खुराडी उघडायच्या आधीची. एकदा सुटल्या की या बाया संध्याकाळपर्यंत कुणाच्या हाताला लागत नाहीत.