मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

संध्याकाळच्या भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज मी फुटबॉलविषयी बोलणार आहे. "पोरांचा खेळ, आमचा काय संबंध?" असं लगेच म्हणू नका. गोष्ट बालेवाडीपासून सुरू होईल, थोडी विलायतेला जाऊन येईल आणि आपल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेवर येऊन थांबेल.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात बाणेरला राहतो. त्याच्या कपाटात एक नारिंगी टी-शर्ट आहे. गेल्या दिवाळीत बहीण मला म्हणाली, "अगं, केव्हाच आखूड झालाय. बोहारणीला देऊन एखादं पातेलं घेते म्हटलं, तर हात लावू देत नाही." तो टी-शर्ट एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबचा. क्लब बंद पडून वर्षं झाली, तरी पोरगा टी-शर्ट सोडत नाही.

हा क्लब २०१४ साली निघाला. मालक वाधवान उद्योगसमूह, सोबत हिंदी सिनेमातले हृतिक रोशन. सामने व्हायचे बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात. हे संकुल सरकारनं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं. नारिंगी कपडे घालून, ढोल घेऊन पोरं जायची. २०१७-१८ च्या हंगामात संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला, तेव्हा आमच्या भाच्याचा घसा आठवडाभर बसला होता. आणि २०१९ साली क्लब बंद. त्याच ऑगस्टमध्ये स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबनं घेतली.

हे एकदाच झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. पण पुण्यात हे चार वेळा झालं. पुणे एफसी २००७ साली पिरामल समूहानं काढला, २०१२-१३ ला तो आय-लीग स्पर्धेत देशात दुसरा आला, आणि दोनच वर्षांत संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि तोही गेला. हे क्लब आपले बहुतेक घरचे सामने बालेवाडीलाच खेळले. मैदान सरकारी होतं, म्हणून जागेवर राहिलं. क्लबचा कागद मालकाच्या नावावर होता, म्हणून तो मालकाबरोबर गेला. तिकीट काढून, घसा फोडून ज्यांनी क्लबला आपलं म्हटलं, त्यांच्या नावावर काहीच नव्हतं. क्लब बंद करताना त्यांना विचारावं लागेल, असा नियमच कुठे नव्हता. भाच्याचा राग हरण्यावर नाही. "मावशी, आम्हाला कुणी धरलंच नाही," असं तो म्हणतो, तो राग त्याचा आहे.

क्रिकेटचं पाहा. पुण्यात सामने पूर्वी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममध्ये व्हायचे. एसटीतून उतरलं की चालत जाता यायचं. मग महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं मावळात गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला स्वतःचं मोठं स्टेडियम बांधलं. २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं. देखणं आहे, खोटं का बोला? पण २०१६ चा दुष्काळ आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो एप्रिल महिना. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. माणसांना प्यायला पाणी नाही आणि खेळपट्टीवर टँकर ओतायचे, हे न्यायालयाला पटलं नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत याच गहुंज्याला उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पहिल्याच दिवशी प्यायला पाणी मिळेना. लोक चिडले, संघटनेला माफी मागावी लागली. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि पाण्याचा तांब्याच ठेवायचा नाही, असं घरात झालं तर सासूबाई आपल्याला काय म्हणतील? बांधणाऱ्यानं बसणाऱ्याला विचारलं नाही, की असं होतं.

आता विलायतेला जाऊ. लंडनमध्ये चेल्सी नावाचा फुटबॉल क्लब आहे. त्याचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज. मैदानाची जमीन एकेकाळी बिल्डरांच्या हातात गेली होती. त्यांना तिथे इमारती हव्या होत्या. त्या संकटातून क्लब कसाबसा वाचला आणि १९९३ साली एक युक्ती निघाली. क्लबवर प्रेम करणाऱ्या लोकांची एक वेगळी कंपनी काढायची, शंभर शंभर पौंडांचे शेअर विकायचे आणि मैदानाची जमीनच त्या कंपनीच्या नावावर करायची. १९९७ साली ती झाली. म्हणजे क्लबचा मालक कुणीही असो, मैदानाचा सातबारा प्रेक्षकांच्या नावावर! शिवाय अट अशी, की हे मैदान सोडलं तर क्लबला 'चेल्सी' हे नावही वापरता येणार नाही. आणि कुणी कितीही शेअर घेतले, तरी एका माणसाची मतं शंभराच्या वर मोजायची नाहीत.

पुढे रोमन अब्रामोविच हे मोठे धनवान गृहस्थ क्लबचे मालक झाले. मैदान लहान पडतंय, दुसरीकडे मोठं बांधायची वाट मोकळी असावी, म्हणून क्लबनं २०११ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांना सांगितलं, जमीन आम्हाला परत विका. मतदान झालं. विकायच्या बाजूनं शंभरात बासष्टच्या आसपास मतं पडली. पण नियम होता पंचाहत्तरचा. जमीन विकली गेली नाही.

इथे थोडं थांबा. जास्त लोक 'विका' म्हणत होते, हे खरं आहे. मोठं मैदान झालं तर जास्त लोकांना बसता येईल, हे त्यांचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. पण एकदा गेलेली जमीन परत येत नाही, म्हणून अशा कामाला साधं बहुमत पुरू नये, हे आधीच्या लोकांनी शांत डोक्यानं लिहून ठेवलं होतं. भांडण सुरू झाल्यावर नियम करायला बसलं, तर उशीर झालेला असतो.

आता आपल्या दारात येऊ. माझ्या माहेरच्या गावी शाळेमागे एक मोकळी जागा आहे. सकाळी पोरी कबड्डी खेळतात, उन्हाळ्यात बचत गटाच्या बायका तिथे कुरडया, पापड वाळवतात. एके दिवशी तिथे जेसीबी येऊन उभा राहिला. दुकानांचे गाळे होणार होते. आम्हा बायकांना जेसीबी दिसला तेव्हा कळलं. माझी वहिनी आणि गटातल्या चौघीजणी ग्रामपंचायतीत गेल्या आणि उतारा मागितला. सगळ्या धरून चालल्या होत्या, की जागा शाळेची आहे. निघाली ग्रामपंचायतीच्या नावावर. म्हणजे निर्णय ग्रामसभेत व्हायला हवा होता. मग महिला ग्रामसभेला गटाच्या सगळ्याजणी गेल्या, ठराव मांडला, लिहून घेतला. पूर्ण यश आलं असं सांगणार नाही. रस्त्याकडेचे चार गाळे झालेच. मागची जागा मात्र मैदान म्हणून ठरावात नोंदली गेली. पोरी आजही तिथे खेळतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पहिलं, तुमच्या गावच्या मैदानाचा उतारा काढा. शेतजमीन असेल तर सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीत नमुना आठ. 'सगळ्यांचं आहे' यावर विसंबू नका, कागदावर कुणाचं आहे ते वाचा. दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. तिला जा. नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. बोललेलं इतिवृत्तात लिहिलंय का, ते वाचून दाखवायला लावा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. तिसरं आपल्या गटाविषयी. गटाची गिरणी असेल, शेवयांचं मशीन असेल, शेडची जागा असेल, तर ती विकायची कशी याचा नियम आजच वहीत लिहा. चारांतल्या तिघी 'हो' म्हणतील तेव्हाच विकायची. अध्यक्षबाईंचं चार मतं आणि बाकीच्यांचं एक, असं चालायचं नाही. एक बाई, एक मत.

भाच्याला मी ही चेल्सीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, आम्हीपण काढले असते शंभर शंभर रुपये. कुणी मागितलेच नाहीत."

येत्या ग्रामसभेच्या आधी तुमच्या मैदानाचा उतारा काढून ठेवा, आणि त्यावर कुणाचं नाव निघालं ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.