बाळ सासुरवाडीत, बाप पुण्यात

आज कोड नाही, इंटरव्ह्यू नाही, पगार नाही. माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. पहिले जवळपास सात आठवडे मला तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. त्यावर बोलायचंय.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोचं माहेर सोलापूर, माझी नोकरी पुण्यात. नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली, कंपनीनं पाच दिवस सुट्टी दिली. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या कायदा दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्यानं काही नाही, कंपनी देईल तेवढं. पाचापैकी दोन दिवस तर बिल, फाइल आणि मेडिकलच्या चकरांत गेले.

मग सुरू झालं वीकेंडचं बापपण. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस, रविवारी रात्री परत. आणि तिथं मी कोण? जावई. चहा आला, पोहे आले, शेंगाचटणी आली. बाळ मात्र माझ्या हातात पाच मिनिटं. रडलं की कुणीतरी घेणार, "द्या इकडं, तुम्हाला जमायचं नाही." एकदा दुपटी धुवायला घेतली तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनी दुपटी धुवायची? शेजारचे काय म्हणतील!" त्यांची चूक नाही. त्यांच्या मते हा पाहुणचारच होता.

बाकीचे दिवस व्हिडिओ कॉल. नंतर कळलं की नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं. म्हणजे वीतभर, फार तर थोडं जास्त. कडेवरच्या माणसाचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. मी स्क्रीनवर तोंडं वेडीवाकडी करत होतो ते सगळं वाया. ऑफिसात सगळे विचारायचे, "काय मग, बाप झाल्यावर कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "भारी!" आणि मनात वाटायचं, आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. सिनेमात बाप बाळाला बघतो आणि डोळ्यांत पाणी येतं. मला झोप येत होती.

पाचव्या आठवड्यात बायकोचा रात्री दोन वाजता फोन आला. हळू आवाजात. म्हणाली, "तुला एक सांगू? मला हिच्याबद्दल काही वाटत नाहीये रे. दूध पाजते, बदलते, पण कुणा दुसऱ्याचं बाळ सांभाळल्यासारखं वाटतं." ती रोज रडत होती. घरात सांगितलं तर उत्तर मिळायचं, "डोळ्याला पाणी आणू नको, दूध आटेल." मग ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. माहेरी तिला गरम जेवण होतं, डिंकाचे लाडू होते, शेक होता. हे बोलायला मात्र कुणी नव्हतं. मी पण नव्हतो, मी शनिवारचा पाहुणा.

मी म्हणालो, "मला पण नाही वाटत." खूप वेळ दोघंही गप्प. मग ती चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरशी बोललो आणि जानेवारीभर सोलापुरातनं काम करायचं ठरवलं. बायकोला डॉक्टरांकडं नेलं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक बायकांना होतं आणि आपोआप निवळतं. त्याच्या पुढं चाललं तर ते अंगावर काढायचं नसतं. डॉक्टरांनी तिच्याकडनं दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, एडिंबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे. उपचार सुरू झाले. तुमच्या घरात असं काही असेल आणि कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहून ठेवा.

आता माझं. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. न्हाऊ घालणाऱ्या मावशी नंदीध्वज बघायला गेल्या, आल्याच नाहीत. सासूबाईंची कंबर धरलेली. मी म्हणालो, मी घालतो. पाटावर पाय पसरून बसलो आणि तिला पायांवर घेतलं. तेलानं माशासारखी निसटत होती. नाकाकानात तेल घालायचं नाही, एवढं डॉक्टरांचं लक्षात होतं, बाकी सगळं अंदाजपंचे. ती किंचाळत होती, मला जानेवारीत घाम. पण पंधरा मिनिटं ती फक्त माझ्या हातात होती आणि काढून घ्यायला कुणी नव्हतं. पंचात गुंडाळल्यावर तिनं माझं बोट धरलं. आता हे सगळीच बाळं करतात, रिफ्लेक्स आहे, माहितीय. तरी मला पहिल्यांदा वाटलं की ही सर्दीनं आजारी पडली तर?

ती भीती, तेच ते होतं बहुतेक.

इस्रायलमध्ये २०१४ साली आई-बापांच्या मेंदूवर एक अभ्यास झाला होता. जो बाप बाळाचं जितकं जास्त वेळ स्वतः करतो, तितकं त्याच्या मेंदूतल्या भावनेच्या आणि समोरच्याला ओळखण्याच्या भागांमधलं कनेक्शन जास्त दिसलं. कोरिलेशन आहे, मान्य, इंजिनिअर लोकांनी कमेंटमध्ये भांडू नका. मला मात्र तो वाचून हायसं वाटलं. आपल्यात बिघाड नव्हता, आपण तास भरले नव्हते.

त्यानंतर रोजची अंघोळ माझ्याकडं, नऊच्या स्टँडअप कॉलच्या आधी. बायको तेवढा वेळ झोपायची. तिला बरं वाटायला मार्च उजाडला. मुलगी आठवड्याभरात हसली, पण माझ्याकडं बघून नाही, पंख्याकडं.

यात्रा संपल्यावर मावशी आल्या. बाळाला उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "कुणी घातलं हिला न्हाऊ?" मी छाती काढून म्हणालो, "मी." म्हणाल्या, "होय की, कानामागं तेल तसंच हाय."