हिंवाळ्यांतील कयाक आणि मच्छीमाराचा वेष

इसवी सन १८९६ च्या जून महिन्यांतील गोष्ट आहे. नॉर्वेचा प्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन व त्याचा सोबती यालमार योहान्सेन हे दोघे उत्तर ध्रुवाच्या दिशेनें केलेल्या सफरीवरून परतत असतां फ्रान्झ जोसेफ बेटांच्या बर्फाळ किनाऱ्यानें दक्षिणेकडे चालले होते. बांबूच्या सांगाड्यावर शिडाचें कापड ताणून त्यांनीं दोन कयाक तयार केल्या होत्या. कयाक म्हणजे एका माणसापुरती, अरुंद व लांबट होडी. या दोन होड्या एकमेकींस जखडून ते पाणी ओलांडीत असत. एके सायंकाळीं होड्या बर्फाच्या कडेस बांधून दोघे भोंवतालचा प्रदेश न्याहाळण्यासाठीं एका उंचवट्यावर चढले. तोंच बांधलेला पट्टा तुटला आणि होड्या वाऱ्याबरोबर समुद्रांत दूर जाऊं लागल्या. अन्न, दारूगोळा, होतें नव्हतें तें सारें त्यांतच होतें. नान्सेननें आपलें घड्याळ सोबत्याच्या हातीं दिलें, अंगावरचे कांहीं कपडे उतरविले आणि त्या हिमासारख्या पाण्यांत उडी घेतली.

पोहतां पोहतां त्याचे हातपाय लांकडासारखे होत चालले. दम संपला म्हणजे तो उताणा होऊन पाठीवर पोहत विसावा घेई आणि पुन्हां होड्यांचा पाठलाग करी. अखेर होड्यांवर आडवें टाकलेलें बर्फावरून घसरण्याचें लांकूड त्याच्या हातीं लागलें. आतां वांचलों, असें त्यास वाटलें. परंतु होडीवर चढूं लागतांच अंग इतकें ताठरलेलें आढळलें कीं, तें वर घेण्याचें बळच बाहूंत उरलें नव्हतें. मोठ्या प्रयासानें एक पाय वर अडकवून त्यानें कसेंबसें स्वतःस आंत लोटलें. पोहण्यांत तरबेज, शरीरानें काटक आणि थंडीस सरावलेल्या माणसाची ही स्थिति! त्यास थकविलें तें अंतरानें तितकें नव्हे, जितकें थंडीनें त्याच्या स्नायूंतील शक्ति हिरावून घेतल्यामुळें.

आज कयाकमधून गळानें मासे धरण्याचा छंद ब्रिटन, नॉर्वे, कॅनडा, अमेरिका इत्यादि देशांत अनेकांना जडलेला आहे. हिंवाळा आला म्हणून या छंदास खळ पडतो असें नाहीं. कॉडसारखा मासा थंड पाण्याचाच रहिवासी असून इंग्लंडच्या कित्येक किनाऱ्यांजवळ तो हिंवाळ्यांतच येतो. मग मच्छीमारानें तरी घरीं कां बसावें? त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील कोणी तरुणहि या नादीं लागल्यास नवल नाहीं. अशा तरुणास कोंकणच्या समुद्राचा अनुभव उपयोगी पडत नाहीं. जानेवारींत मुंबईजवळील समुद्राचें पाणी सुमारें २५ अंश सेंटिग्रेड उष्णतेचें असतें. ब्रिटनभोंवतालचें पाणी हिंवाळ्याच्या अखेरीस पुष्कळ ठिकाणीं ६-७ अंशांपर्यंत उतरतें. एका पाण्यांत पडलेला माणूस हंसत वर येतो. दुसऱ्या पाण्यांत पडलेला वर येईलच असें सांगवत नाहीं.

म्हणून या मासेमारीचा पहिला नियम असा कीं, वेष पाण्याच्या मानानें करावा, हवेच्या मानानें करूं नये. हवा आणि पाणी यांत मोठा भेद आहे. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति स्थिर हवेच्या सुमारें पंचवीस पट असते. दहा अंशांच्या हवेंत एखादा लोंकरी अंगरखा पुरेसा होतो. दहा अंशांच्या पाण्यांत तोच अंगरखा घातलेला माणूस थोड्याच वेळांत लुळा पडतो. शिवाय समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. ब्रिटनच्या किनाऱ्यास हवा अत्यंत गार असते ती डिसेंबर ते फेब्रुवारींत. पाणी मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चमध्यें सर्वांत गार होतें. त्यामुळें वसंताच्या आरंभीं ऊन पडलें, पक्षी गाऊं लागले, म्हणून जो मच्छीमार साध्या सदऱ्यानिशीं होडी लोटतो, तो ऐन थंडींत निघालेल्या माणसापेक्षांहि अधिक फसतो. ऊन त्याच्या खांद्यांवर असतें. मृत्यु त्याच्या होडीखालीं असतो.

अशा पाण्यांत पडल्यावर शरीराचें काय होतें, याचा शास्त्रज्ञांनीं कसून अभ्यास केला आहे. कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनीं तो सर्वांच्या लक्षांत राहावा म्हणून 'एक, दहा, एक' असें सूत्र रूढ केलें. पहिलें एक म्हणजे एक मिनिट. गार पाणी कातडीस लागतांच माणूस आपोआप मोठा श्वास आंत ओढतो आणि मग त्यास धाप लागते. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असलें तर पाणीच छातींत जातें. या मिनिटांत धडपड न करतां तोंड वर ठेवावें व श्वास ताब्यांत आणावा. दहा म्हणजे दहा मिनिटें. एवढाच वेळ बोटें, हात व पाय हुकमांत असतात. होडीवर परत चढणें, दोरी धरणें, शिट्टी वाजविणें, जें करावयाचें तें याच वेळांत करावें. शेवटचें एक म्हणजे एक तास. इतका काळ लोटल्यावर शरीराचा गाभा निवून शुद्ध हरपण्याचा संभव असतो. हे आंकडे घड्याळाच्या कांट्यासारखे काटेकोर नाहींत. पाणी, शरीर आणि वेष यांप्रमाणें ते बदलतात. तथापि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बहुतेकांची समजूत अशी असते कीं, माणूस थंडीनें गारठून मरतो. वस्तुतः पुष्कळजण गारठण्यापूर्वींच, पहिल्या धापेनें किंवा हात निकामी झाल्यामुळें, बुडून मरतात. चांगल्या वेषाचें कार्य हें कीं, त्या पहिल्या मिनिटाचा धक्का त्यानें बोथट करावा आणि त्या दहा मिनिटांत भर घालावी.

हें ज्ञान प्रयोगशाळेंतून निघण्यापूर्वीं शेंकडों वर्षें ज्यांना अनुभवानें ठाऊक होतें, ते लोक म्हणजे कयाकचे मूळ कर्ते, उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांतील इनुइट व त्यांच्याशीं संबंधित जमाती होत. १८८८ सालीं नान्सेननें ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें आणि पुढील हिंवाळा आज नूक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तींत काढला. तेथेंच तो ग्रीनलंडच्या लोकांकडून कयाक हांकण्यास शिकला. या लोकांच्या वेषाची रचना विचार करण्याजोगी आहे. अंगालगत पक्ष्यांच्या कातड्यांचा अंगरखा असे. त्याचीं पिसें आंतल्या बाजूस ठेवलेलीं असत. त्यावर सीलच्या कातड्याचा 'तुइलिक' नांवाचा टोपीसह अंगरखा चढवीत. तो चेहऱ्याभोंवतीं व मनगटांवर दोरीनें आंवळलेला असे, आणि त्याचा खालचा घेर होडीच्या तोंडाच्या कडीवर घट्ट बसविलेला असे. मनुष्य व होडी यांत पाणी शिरण्यास फटच राहत नसे. होडी उलटली तरी शिकारी आंतच बसून वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानें ती पुन्हां सरळ करी. दूर पश्चिमेस अलूशियन बेटांतील लोक समुद्रसिंहासारख्या प्राण्यांच्या आंतड्यांच्या पट्ट्या शिवून हलका व पाणी न शिरणारा अंगरखा करीत. हें सारें शिवणकाम स्त्रियांचें होतें. टांका चुकला तर घरधनी परत येणार नाहीं, हें त्या जाणत होत्या. त्या शिवणीवर कुटुंबाचें सौभाग्य अवलंबून होतें.

आजच्या मच्छीमाराच्या वेषांतहि तेंच तत्त्व आहे. द्रव्यें तेवढीं बदललीं आहेत. आंत ऊब धरणारा थर आणि बाहेर पाणी अडविणारा थर. मराठी शेतकऱ्यास हें समजाविण्याची गरज नाहीं. पावसांत तो खालीं घोंगडी आणि वर इरलें घेतो, तें याच न्यायानें. अंगालगतच्या कपड्यांत सूत मात्र वर्ज्य समजावें. सुती कापड पाणी पितें, तें धरून ठेवतें आणि भिजल्यावर त्यांत ऊब मुळींच राहत नाहीं. लोंकर भिजली तरी कांहीं ऊब राखते. पॉलिएस्टरचीं कृत्रिम तंतूंचीं वस्त्रें पाणी फारसें शोषीत नाहींत व लवकर वाळतात. म्हणून अंगास चिकटून पातळ लोंकरी किंवा कृत्रिम तंतूंचा कपडा आणि त्यावर मऊ, लवदार जाड कपडा, असे दोन थर घालावे.

बाहेरील थरासाठीं दोन प्रकार प्रचलित आहेत. वेटसूट हा निओप्रीन नांवाच्या कृत्रिम रबराचा, अंगाबरोबर बसणारा पोशाख होय. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदार्थविज्ञानवेत्ता ह्यू ब्रॅडनर यानें १९५० नंतर लवकरच त्याची कल्पना पुढें आणली. त्याच्या आंत थोडें पाणी शिरतें. पण रबरांत कोंडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे उष्णता बाहेर जाऊं देत नाहींत. ड्रायसूट याच्या उलट. त्यांत पाणी शिरतच नाहीं. मान व मनगटें यांभोंवतीं रबराच्या घट्ट पट्ट्या असतात आणि पुढील सांखळीहि पाणी अडविणारी असते. मात्र बहुतेक ड्रायसूटांचें कापड पातळ असून त्यांत स्वतःची ऊब नसते. ती आंतल्या थरांनींच पुरवावी लागते. साध्या सदऱ्यावर ड्रायसूट चढवून निघालेला मनुष्य कोरडा राहील, पण गारठेल. पाण्यांत उतरण्यापूर्वीं खालीं बसून मानेची पट्टी किंचित् ओढावी व आंतील फाजील हवा काढून टाकावी, म्हणजे पोशाख फुग्यासारखा फुगत नाहीं. ऐन हिंवाळ्यांत एकट्या माणसास ड्रायसूट हाच अधिक भरंवशाचा.

मासे धरणाराची एक अडचण साध्या वल्हेकऱ्यास नसते. मासे असलेल्या जागेपर्यंत तो जोरानें वल्हवीत जातो, तेव्हां त्यास घाम फुटतो. आणि नंतर गळ टाकून तो तासच्या तास हालचाल न करतां बसून राहतो, तेव्हां तोच घाम अंगावर गार होतो. यास्तव निघतांना किंचित् गार वाटेल इतकेंच कपडे घालावे, सावकाश वल्हवावें, आणि घामाची वाफ बाहेर जाऊं देणाऱ्या कापडाचा ड्रायसूट पसंत करावा. दुसरी अडचण गळाची. गळाच्या टोंकानें किंवा माशाच्या कांट्यानें पोशाखास बारीक भोंक पडलें तर तें कोरड्या जमिनीवर दिसत नाहीं, पाण्यांत मात्र कळतें. प्रत्येक फेरीनंतर पोशाख तपासणें हें जाळें तपासण्याइतकेंच आवश्यक आहे. तिसरी अडचण हातांची. गांठ मारण्यास उघडीं बोटें लागतात. म्हणून बोटांचीं टोंकें उघडतां येतील असे निओप्रीनचे मोजे वापरावे व सुक्या मोज्यांची एक जोडी जलाभेद्य पिशवींत ठेवावी. डोक्यास कान झांकणारी टोपी असावी. पायांत गुडघ्यापर्यंतचे सैल रबरी बूट नसावे. ते पाण्यानें भरले म्हणजे होडीवर चढतांना पायांस धोंडे बांधल्याप्रमाणें होतें.

या सर्वांच्या वर तरंगतें जाकीट असलेंच पाहिजे, आणि तें अंगांत असलें पाहिजे. पुष्कळजण तें अडचण होते म्हणून होडीच्या मागें बांधून ठेवतात. पहिल्या धापेच्या मिनिटांत तोंड पाण्यावर ठेवण्याचें काम तेंच करतें. होडीवर बांधलेलें जाकीट होडीस तारील, माणसास नव्हे. जाकिटास शिट्टी अडकवावी, गुंतलेली दोरी कापण्यास लहान चाकू ठेवावा, आणि मदत मागण्याचें बिनतारी यंत्र होडींत न ठेवतां अंगावरच वागवावें. हातून निसटलेल्या वस्तूचा पाण्यांत कांहीं उपयोग नसतो.

वेष घेतला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. सोबतीस माणूस घेऊन, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत, तोच पोशाख घालून मुद्दाम पडून पाहावें. पोशाखांत पाणी शिरतें काय, उलटलेली होडी सरळ करतां येते काय, तिजवर पुन्हां चढतां येतें काय, हें तेथेंच कळतें. जो किनाऱ्यावर चढूं शकत नाहीं, तो भर समुद्रांत चढण्याची आशा कशास करील? परतण्याची वेळ घरीं सांगून जावें. आणि मद्य अंगांत ऊब आणतें हा समज सोडून द्यावा. मद्यानें कातडीकडे रक्त धांवतें, क्षणभर ऊब वाटते, आणि शरीराची खरी उष्णता बाहेर निसटते. फार वेळ पाण्यांत राहिलेल्यास बाहेर काढल्यावर आडवें ठेवावें, ओले कपडे हलक्या हातानें काढून कोरड्या वस्त्रांत गुंडाळावें, त्याचे हातपाय चोळूं नयेत, आणि वैद्यकीय मदत आणवावी.

नान्सेन त्या दिवशीं वांचला. होड्या घेऊन तो बर्फाच्या कडेस परत आला तेव्हां योहान्सेननें त्याचे ओले कपडे उतरविले, मिळतील ते कोरडे कपडे त्यास चढविले आणि झोंपण्याच्या पिशवींत घालून वर हातास लागेल तें पांघरूण टाकलें. कांहीं वेळ कुडकुडून अखेर त्यास ऊब आली व झोंप लागली. किनाऱ्यावर असा सोबती आणि अशी कोरडी पिशवी सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. पहांटेच्या धुक्यांत एकटाच होडी लोटणाऱ्या मच्छीमारानें आपली ऊब आणि आपला सोबती, दोन्ही अंगावर घालूनच निघावें. त्या दिवशीं गळास मासा लागला नाहीं तरी चालेल. घरच्यांनीं चुलीवर ठेवलेलें कालवण निवण्यापूर्वीं तो परत आला, म्हणजे फेरी सफळ झाली.